स्त्री-आरोग्य प्रश्नोत्तरे : चॉकलेट सिस्टचा कर्करोग होतो का?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे एंडोमेट्रिऑसिस (ज्यात अंडाशयात चॉकलेट सिस्ट नावाची गाठ होऊ शकते, तो विकार) आणि अंडाशयाचा कर्करोग यांच्या संबंधाविषयी अनेक पत्रे आली. त्यांपैकी तीन या अंकात घेतली आहेत. पत्रलेखिकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि शाळेत शिकवते. पाळीच्या वेळचे असह्य दुखणे कॉलेजपासून आहे. आधी ‘लग्न झाले की थांबेल’ आणि नंतर ‘मूल झाले की थांबेल’ असे सगळे सांगत आले. मुलगी सहा वर्षांची आहे आणि आम्हाला दुसरे मूल हवे आहे. तीन महिन्यांपूर्वी सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली आणि रक्तातले सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन) ६८ आले. त्यातच नणंदेने मोबाइलवर बातमी पाठवली की, एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांना अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका चौपट असतो आणि काहींना तर जवळजवळ दहापट. सासूबाई म्हणतात, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. एका डॉक्टरांनीही पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढण्याचा सल्ला दिला आहे. रात्री झोप लागत नाही. या गाठीचा कर्करोग होणार का?

उत्तर : तुमच्या पत्रातील वर्णनावरून तरी ही गाठ कर्करोगाची वाटत नाही, आणि पुढे तिचा कर्करोग होण्याची शक्यता आहे त्यापेक्षा न होण्याची शक्यता कितीतरी पटींनी अधिक आहे. हे केवळ धीर देण्यासाठी लिहिलेले वाक्य नाही, म्हणून त्यामागचा हिशेब सविस्तर मांडतो.

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या पडद्यावर किंवा आतड्यालगत वाढू लागतात, तेव्हा त्या विकाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. प्रजननक्षम वयातील साधारण दहा टक्के स्त्रियांना तो असतो. या पेशी प्रत्येक पाळीच्या वेळी जागच्या जागी रक्तस्राव करतात आणि अंडाशयात ते रक्त साठत जाऊन गाठ तयार होते. आतले जुने, घट्ट, तपकिरी रक्त पाहून पाश्चात्त्य डॉक्टरांनी तिला चॉकलेटचे नाव दिले. गुऱ्हाळावर काकवी पाहिलेल्या आपल्या भागातील माणसाला मात्र काकवी म्हटले, तर ते रूप अधिक चटकन डोळ्यांसमोर येईल.

कर्करोगाशी असलेल्या संबंधाची शंका नवी नाही. जॉन सॅम्पसन या अमेरिकन शल्यविशारदाने १९२५ मध्येच एंडोमेट्रिऑसिसमधून कर्करोग उद्भवल्याची नोंद केली आणि असे निदान कोणत्या कसोट्यांवर करावे, हेही लिहून ठेवले. शंभर वर्षांनंतर त्यात मोलाची भर पडली आहे ती दोन बाबतींत : हा धोका नेमक्या कोणत्या कर्करोगाचा आहे आणि तो किती आहे.

‘अंडाशयाचा कर्करोग’ हा एकच आजार नाही. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे हाय ग्रेड सीरस. तो बहुतेक वेळा गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो, असे आता मानले जाते. २०१२ मध्ये तेरा अभ्यासांतील माहिती एकत्र करून, सुमारे ७,९०० रुग्ण आणि १३,२०० निरोगी स्त्रिया यांची तुलना करण्यात आली. तीत या प्रकाराचा एंडोमेट्रिऑसिसशी संबंध आढळला नाही. ज्यांच्याशी तो आढळला, ते प्रकार तुलनेने कमी दिसणारे आहेत : क्लिअर सेलचा धोका सुमारे तिप्पट, तर एंडोमेट्रिऑइड आणि लो ग्रेड सीरस यांचा सुमारे दुप्पट. यांपैकी पहिल्या दोन प्रकारांचे निदान पुष्कळदा आजार अंडाशयापुरता मर्यादित असतानाच होते, आणि त्या टप्प्यावर उपचारांना चांगले यश येते.

आता तुमच्या नणंदेने पाठवलेल्या बातमीकडे वळू. ती बहुधा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील युटा राज्याच्या अभ्यासावर आधारलेली असावी. त्यात एंडोमेट्रिऑसिस असलेल्या सुमारे ७९,००० स्त्रियांची तुलना हा विकार नसलेल्या स्त्रियांशी केली होती. धोका एकूण ४.२ पट आढळला आणि अंडाशयातील गाठ किंवा खोलवर रुजलेला विकार असलेल्या स्त्रियांमध्ये सुमारे ९.७ पट. म्हणजे बातमीतले आकडे खोटे नाहीत. मात्र त्याच अभ्यासातील एक वाक्य मोबाइलवर फिरताना गळून पडले. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या दर दहा हजार स्त्रियांमागे या कर्करोगाचे सुमारे दहा रुग्ण जास्त आढळले, असे ते वाक्य आहे. मूळ शक्यताच अगदी लहान असेल, तर तिची चौपटही लहानच राहते. २०२१ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून ही वाढ १.९ पट निघाली. पाश्चात्त्य देशांत हजार स्त्रियांपैकी साधारण तेरा जणींना आयुष्यात कधी ना कधी अंडाशयाचा कर्करोग होतो, असे धरले, तर एंडोमेट्रिऑसिस असलेल्या हजार जणींमध्ये हा आकडा पंचवीसच्या आसपास जातो. उरलेल्या ९७५ जणींना तो होत नाही. युटातील बहुसंख्य लोक गोरे आहेत, त्यामुळे तिथले आकडे कोल्हापूरच्या स्त्रियांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही चित्राची साधारण रूपरेषा त्यातून कळते.

पेशींच्या पातळीवर काय घडते, हेही थोडक्यात सांगतो, कारण ‘ही गाठ म्हणजे कर्करोगाची पहिली पायरी’ हा समज तिथूनच निघाला आहे. साठलेल्या रक्तातील लोहामुळे आणि सतत धुमसणाऱ्या दाहामुळे आसपासच्या पेशींच्या जनुकांना इजा होत राहते. २०१० मध्ये असे दिसून आले की, क्लिअर सेल कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत आणि एंडोमेट्रिऑइड प्रकारातील सुमारे एकतृतीयांश रुग्णांत, पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एआरआयडी१ए हे जनुक बिघडलेले असते. काही रुग्णांत हाच बिघाड शेजारच्या एंडोमेट्रिऑसिसमध्येही सापडला. तथापि २०१७ मध्ये कर्करोगाचा मागमूस नसलेल्या, खोलवर रुजलेल्या एंडोमेट्रिऑसिसमध्येही कर्करोगाशी निगडित असे जनुकीय बदल आढळले. याचा अर्थ, असा बदल झालेल्या पेशीही वर्षानुवर्षे कर्करोगाकडे न वळता राहू शकतात. ही वाट फार थोड्या जणींच्या बाबतीत शेवटापर्यंत जाते आणि तीही बहुधा वयाच्या पंचेचाळिशीनंतर.

सीए-१२५ विषयी तुम्ही विशेष काळजीने लिहिले आहे. या चाचणीची सर्वसाधारण मर्यादा ३५ धरतात, परंतु एंडोमेट्रिऑसिसमध्ये ती ओलांडली जाणे हे नेहमीचे आहे. पाळी चालू असताना, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातील साध्या गाठींमध्ये, गरोदरपणात आणि आपल्याकडे आवर्जून लक्षात ठेवावा अशा पोटाच्या क्षयरोगातही हा आकडा वाढतो. क्षयरोगात तर तो कित्येक शेकड्यांपर्यंत जातो. तुमच्या वयात आणि तुमच्या आजारात ६८ या आकड्यावरून कर्करोगाचा निष्कर्ष काढता येत नाही. दर तीन महिन्यांनी ही तपासणी करून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्यातून काय साध्य होणार आहे, हे अवश्य विचारा. ब्रिटनमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफी यांच्या नियमित चाळणीचा, म्हणजे लक्षणे नसतानाही ठरावीक काळाने तपासणी करण्याचा, प्रयोग झाला. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षात, अशा चाळणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. एंडोमेट्रिऑसिस आहे एवढ्याच कारणासाठी अशी चाळणी करू नये, असे युरोपीय तज्ज्ञांची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

सीए-१२५ पेक्षा सोनोग्राफीचा अहवाल जास्त बोलका असतो. त्यात गाठीतील द्रव एकसारखा, दुधी काचेसारखा दिसतो असे लिहिले असेल, आणि घन भाग किंवा भिंतीतून आत आलेले अंकुरासारखे उंचवटे नसतील, तर ते चांगले लक्षण आहे. अशा उंचवट्यांत रक्तप्रवाह दिसणे किंवा गाठ झपाट्याने वाढणे, ही मात्र चिंतेची चिन्हे आहेत, आणि ती दिसल्यास एमआरआय करावा लागतो. तुमच्या पहिल्या सोनोग्राफीला तीन महिने झाले आहेत, तेव्हा एकदा पुन्हा, शक्यतो योनिमार्गातून केली जाणारी सोनोग्राफी करून घ्या. त्यात बदल नसेल, तर त्यानंतर साधारण वर्षातून एकदा पुरते. मध्यंतरी दिवस राहिले, तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना जुन्या गाठीची कल्पना आधीच द्या. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे गाठीच्या भिंतीवर उंचवटे येऊन ती कर्करोगासारखी दिसू शकते, आणि त्यातून अकारण शस्त्रक्रिया होण्याची भीती असते.

शस्त्रक्रियेबाबत मी स्पष्टच लिहितो. छत्तिसाव्या वर्षी, दुसऱ्या मुलाची इच्छा असताना, केवळ कर्करोगाच्या भीतीपोटी गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढणे मला अयोग्य वाटते. दोन्ही अंडाशय इतक्या लवकर गेले की हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणजे एक लहान धोका टाळण्यासाठी आपण मोठे धोके ओढवून घेतो. आणि अंडाशय ठेवून नुसती पिशवी काढली, तर अंडाशयातील हा आजार जागचा हलत नाही. केवळ गाठ दुर्बिणीतून काढण्याचा पर्याय वेगळा आहे. दिसणारा आजार पूर्ण काढल्यास कर्करोगाचा धोका कमी होऊ शकतो, असे सूचित करणारी माहिती आहे, परंतु गाठ सोलून काढताना अंडाशयातील निरोगी भागही जातो आणि बीजांडांचा साठा घटतो. म्हणून दुखणे औषधांना दाद देत नाही का, गर्भधारणेला अडचण येते आहे का आणि सोनोग्राफीत काही संशयास्पद आहे का, या तीन गोष्टी पाहून, बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्ततपासणी करून, वंध्यत्वावर काम करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलून तो निर्णय घ्या.

‘पिशवी काढली की कटकट मिटली’ हे वाक्य आपल्या घराघरांत फार सहज उच्चारले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि त्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली. त्या भागातील टोळ्या दर हंगामात आपल्याच शिवारात ऊस तोडायला येतात, तरी त्या प्रश्नाचा आपल्या घरातील सल्ल्यांशी काही संबंध आहे, असे आपल्याला वाटत नाही, याचे मला वाईट वाटते. सासूबाईंचा हेतू चांगलाच असणार, कारण त्यांच्या पिढीला दुसरा उपाय कोणी सांगितलाच नव्हता. पुढच्या भेटीला त्यांना सोबत घेऊन जा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती घरात विचारून पाहा. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला अंडाशयाचा, स्तनाचा, गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता का? तसे असेल, तर वरचा सगळा हिशेब बदलतो आणि जनुकीय समुपदेशन घ्यावे लागते.

प्रश्न : माझे वय ५३ असून मी इचलकरंजीत राहते. एंडोमेट्रिऑसिसमुळे ४१ व्या वर्षी पिशवी आणि उजवा अंडाशय काढला, त्यामुळे आता भीती नाही असे वाटत होते. अंगातून वाफा येतात म्हणून एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून वर्षभर इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गोळ्या घेते आहे. दोन महिन्यांपासून पोट फुगते, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे होते, लघवीला सारखे जावे लागते. ॲसिडिटीच्या औषधांनी फरक पडला नाही. सोनोग्राफीत डाव्या बाजूला सात सेंटिमीटरची गाठ असून तिच्या आत घन भाग आहे आणि त्यात रक्तप्रवाह दिसतो, असे लिहिले आहे. सुईने पाणी काढून तपासू, असे एकांनी सुचवले. काय करावे?

उत्तर : या अंकाची आणि या उत्तराची वाट न पाहता तुम्ही तज्ज्ञांकडे गेला असाल, अशी आशा आहे. गेला नसाल, तर याच आठवड्यात जा. पहिल्या पत्रातील बाईंना मी थांबून, पाहून, विचार करून निर्णय घ्यायला सांगितले. तुमच्याबाबत माझा सल्ला नेमका उलट आहे. पाळी गेल्यानंतरच्या वयात, एंडोमेट्रिऑसिसचा इतिहास असताना, घन भाग आणि रक्तप्रवाह असलेली नवी गाठ कर्करोगाची नाही, हे सिद्ध होईपर्यंत ती संशयास्पदच समजली पाहिजे. ती साधीही निघू शकते, पण ते ठरवण्यात वेळ दवडू नये.

सुईने पाणी काढू देऊ नका. गाठ कर्करोगाची असेल आणि अजून अंडाशयातच बंदिस्त असेल, तर सुईच्या छिद्रातून पेशी पोटात सांडू शकतात आणि पहिल्याच टप्प्यातील आजार अधिक धोक्याच्या गटात जातो. शिवाय त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत, तरी कर्करोग नाही असे ठरत नाही. अशी गाठ न फोडता अखंड बाहेर काढावी लागते. ही शस्त्रक्रिया स्त्रियांच्या कर्करोगाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या शल्यविशारदांकडूनच करून घ्या, कारण टेबलावरच गाठीचा तुकडा तपासून, गरज पडल्यास पोटातील पडदा आणि लसिकाग्रंथी यांचे नमुने त्याच वेळी घ्यावे लागतात. ते राहून गेले, तर पुन्हा पोट उघडण्याची वेळ येते. शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय किंवा सीटी स्कॅन आणि सीए-१२५ सह काही रक्ततपासण्या होतील. पाळी गेल्यानंतरच्या वयात हा आकडा अधिक गांभीर्याने घेतला जातो.

इस्ट्रोजेनच्या गोळ्यांविषयी त्याच भेटीत सांगा, आणि तोवर त्या बंद ठेवा. पिशवी काढलेल्या स्त्रियांना सहसा एकटे इस्ट्रोजेन देतात. परंतु ज्यांना एंडोमेट्रिऑसिस होता, त्यांच्या पोटात त्याचे अवशेष राहिलेले असू शकतात आणि एकट्या इस्ट्रोजेनने ते पुन्हा चेततात. अशा अवशेषांत कर्करोग उद्भवल्याच्या नोंदी आहेत. म्हणून अशा स्त्रीला हे उपचार लागलेच, तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन हे दुसरे संप्रेरक देण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. तुमची गाठ या गोळ्यांमुळेच झाली, असे यावरून ठरत नाही, तेव्हा स्वतःला किंवा मैत्रिणीला दोष देऊ नका. खर्चाची अडचण असल्यास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन भेटा. कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी या योजनेत बसतात.

पोट फुगणे, थोडे खाऊन पोट भरणे, ओटीपोटात दुखणे आणि लघवीची घाई ही लक्षणे नव्याने सुरू झाली आणि महिन्यातील बारा दिवसांहून अधिक दिवस राहू लागली, तर पन्नाशीच्या आसपासच्या कोणत्याही स्त्रीने सोनोग्राफी करून घ्यावी. ॲसिडिटी, गॅस, वय झाले, अशा समजुतीत आपल्या बायकांचे मौल्यवान महिने जातात.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीला पाळीत इतके दुखते की ती गडहिंग्लजहून कोल्हापूरला कॉलेजला जाऊ शकत नाही. डॉक्टरांनी एंडोमेट्रिऑसिसची शंका व्यक्त करून संप्रेरकांच्या गोळ्या सलग घ्यायला सांगितल्या आहेत. अशा गोळ्यांनी पुढे कर्करोग होतो, असे शेजारी म्हणतात. द्याव्यात का?

उत्तर : जरूर द्याव्यात. शेजारी म्हणतात त्याच्या उलट, दोन संप्रेरके असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे वैद्यकशास्त्रातील अतिशय भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे. २००८ मध्ये २१ देशांतील ४५ अभ्यास एकत्र करून पाहिले असता, गोळ्यांच्या दर पाच वर्षांमागे हा धोका सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे आणि गोळ्या थांबवल्यावरही हा फायदा अनेक वर्षे टिकल्याचे दिसले. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळ्या चालू असेपर्यंत किंचित वाढतो हे खरे आहे, पण एकोणिसाव्या वर्षी तो मुळातच अत्यंत कमी असतो. डॉक्टरांनी डायनोजेस्ट ही एकाच संप्रेरकाची गोळी लिहून दिली असेल, तर तीही या आजारासाठी प्रस्थापित औषध आहे. मात्र सुरुवातीचे काही महिने मध्येच थोडे रक्त जाऊ शकते, हे मुलीला आधी सांगून ठेवा. दुर्बिणीची तपासणी झाल्याशिवाय औषध सुरूच करू नये, हा आग्रहही आता राहिलेला नाही.

या आजाराचे निदान व्हायला अनेक वर्षे लागतात, असा जगभरचा अनुभव आहे. तुम्ही मुलीचे दुखणे एकोणिसाव्या वर्षीच गांभीर्याने घेतले आहे, ही तिच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. गोळ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा : तिला डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेषा चमकून मग डोके दुखते का, तिचा रक्तदाब किती असतो आणि घरात कोणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का. यांपैकी काही असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळीऐवजी दुसरी गोळी निवडता येते.